मताचा मुखत्यार

मागील अंकात आम्ही खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लिहिले होते. या अंकात हुमणीवर लिहायचे ठरवून टिपणेही काढली होती. परंतु मध्यंतरी बेण्याच्या कामासाठी पुण्याजवळ मांजरीला जाणे झाले, परतताना हडपसरला एका सभासदांच्या घरी चहाला थांबलो, आणि तिथे जो विषय निघाला तो अजून डोक्यातून जात नाही. हुमणी पुढच्या अंकात. ती कुठे पळून जात नाही, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

ज्यांच्याकडे थांबलो ते आपल्या कारखान्याचे अगदी पहिल्या यादीतले सभासद. आम्ही त्यांना आबाच म्हणतो. वय चौऱ्याऐंशी. गेली सहा वर्षे मुलाकडे हडपसरला असतात. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशने झालेली. गावाकडची जमीन पुतण्या बघतो, नोंद पुतण्याच लावतो, परंतु शेअर आबांच्या नावावर आणि त्यामुळे मतही आबांचे. चहा यायच्या आत त्यांनी विचारले, "साहेब, मतदार यादी लागली का?"

आम्ही म्हणालो, अजून वेळ आहे.

"मग एक काम करा. माझं मत पुतण्याच्या नावानं लिहून घ्या. मी सही देतो. अंगठा पायजे तर अंगठा देतो. एवढ्या लांब एसटीनं येणं आता माझ्यानं व्हत नाही."

हा प्रश्न आबांचा एकट्याचा नाही. आपले कितीतरी सभासद आज पुणे शहरात मुलांकडे राहतात. कुणी हडपसरला, कुणी वाघोलीला, कुणी धायरीला, कुणी पिंपरी-चिंचवडात. सभेची नोटीस गावच्या पत्त्यावर जाते, पोस्टमन ती पुतण्याच्या हातात देतो, आणि ज्याचे मत तो माणूस दूर फ्लॅटच्या गॅलरीत बसलेला असतो. म्हणून आबांना जे उत्तर दिले ते इथे सर्वांसाठी लिहितो.

उत्तर नाही असे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम २७ सांगते की सभासदाला एकच मत, आणि ते त्याने स्वतः येऊन द्यायचे. दुसऱ्याच्या हाताने नाही. शेअर किती आहेत याच्याशी संबंध नाही. एका सभासदाने एकूण भागभांडवलाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भाग धरू नयेत असेही हाच कायदा म्हणतो. पण समजा कोणी त्या मर्यादेपर्यंत भाग घेतले, तरी मत एकच. शंभर एकरवाल्याचे एक आणि दीड एकरवाल्याचे एक. इंग्लंडात रॉशडेलच्या विणकरांनी १८४४ साली दुकान काढले तेव्हापासूनचा हा दंडक आहे. आपल्याकडे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी कारखाना उभा केला, तोही याच पायावर. गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. अर्थशास्त्राचा एवढा मोठा पंडित त्या कारखान्याचा पहिला चेअरमन होता, आणि त्याचेही मत एकच होते. १९५०-५१ चा तो पहिला गळीत हंगाम.

आबांना हे पटले नाही असे नाही. पण ते म्हणाले, "म्हंजे गुडघे गेले की मत गेलं."

याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

एवढ्यात आबांचा नातू आतल्या खोलीतून बाहेर आला. मगरपट्ट्यात एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. शनिवार असल्याने घरी होता. तो म्हणाला, "काका, हे तर आमच्याकडे रोज चालतं. माझी मतं मी चार वर्षांपूर्वीच एकाला देऊन टाकलीत."

कसली मतं, म्हणून विचारले तर म्हणाला, टोकनची.

आता टोकन म्हटले की आपल्याला कारखान्याच्या वाहनतळावरचे टोकन आठवते. गाडी आली, टोकन घेतले, नंबर येईपर्यंत झाडाखाली झोपले. हे टोकन तसले नाही. बिटकॉइनसारखी जी आभासी नाणी निघाली आहेत, त्यांतल्याच पुढच्या पिढीची ही नाणी. आबांनी मध्येच विचारले, "ते पुण्यात लोकांचं पैसं बुडालं तेच का?" त्यांच्या मनात गेनबिटकॉइनचे प्रकरण होते. दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवून लोकांकडून बिटकॉइन गोळा केले, आणि २०१८ साली पुणे शहर पोलिसांकडे गुन्हे दाखल झाले. नातू म्हणाला, "नाही आबा, ते नाण्याच्या नावावर केलेलं फसवणुकीचं काम. हे वेगळं आहे." आम्ही इथेच सांगून ठेवतो, कोणाला नाणी घ्या असे सांगायला हा लेख नाही. सरकारनेही १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला आहे. आमचा रस नाण्यात नाही, मतात आहे.

तर प्रकार असा. काही संगणकी व्यवस्था अशा निघाल्या आहेत की जिथे लोक आपली नाणी ठेवतात, उसनी देतात-घेतात, अदलाबदल करतात. बँकेसारखेच म्हणा, पण मॅनेजर नाही, शाखा नाही, सगळा व्यवहार संगणकाच्या आज्ञावलीने चालतो. ही आज्ञावली बदलायची झाली, किंवा साठलेल्या तिजोरीतून कोणाला पैसे द्यायचे झाले, तर ठरवायचे कोणी? त्यासाठी त्यांनी मताची टोकने काढली. कंपाउंड नावाच्या व्यवस्थेने जून २०२० मध्ये ती वाटायला सुरुवात केली. एकूण टोकने एक कोटी. पाठोपाठ सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॉप नावाच्या दुसऱ्या व्यवस्थेने शंभर कोटी टोकने काढली आणि जे जे तिथे पूर्वी व्यवहार करून गेले होते, त्यांना प्रत्येक खात्यामागे ४०० टोकने फुकट वाटली. आबांच्या नातवाला ती तशीच मिळालेली. कॉलेजात असताना सहज एकदा व्यवहार केला होता, म्हणे.

इथे पहिला फरक. आपल्याकडे माणसाला मत, तिथे टोकनला मत. ज्याच्याकडे ४०० टोकने त्याची ४०० मते. ज्याच्याकडे ४० लाख त्याची ४० लाख. एक माणूस दहा खाती काढू शकतो आणि खात्यामागे कोण आहे हे कोणाला कळत नाही, मग डोकी मोजणार कशी? म्हणून टोकनेच मोजतात. याद्या, फोटो, ओळखपत्र, हरकती, यातले काही नाही.

दुसरा फरक म्हणजे आबांचा प्रश्न. तिथे मत दुसऱ्याला देता येते. नुसते देता येते असे नाही, व्यवस्थाच तशी बांधलेली आहे. टोकन हातात असून मत आपोआप चालू होत नाही. आधी नाव लिहून द्यावे लागते की माझे मत अमुक खात्याकडे. स्वतःच मत द्यायचे असेल तर स्वतःचेच नाव लिहून द्यायचे. म्हणजे स्वतःलाच स्वतःचे मुखत्यारपत्र! आबा हसले. "सातबाऱ्यावर आपलंच नाव लावायला तलाठ्याकडं जातोच की."

त्या मुखत्यारीचे नियम मात्र विचारपूर्वक केलेले दिसतात. टोकन मालकाच्याच खात्यात राहते, प्रतिनिधीला ते विकता येत नाही, खर्च करता येत नाही. फक्त मत जाते. आणि ते मालकाला वाटेल तेव्हा, कोणाला न विचारता काढून घेता येते. शिवाय प्रतिनिधीला ते पुढे तिसऱ्याला देता येत नाही. आपल्याकडे अर्धेलीने दिलेले रान वाटेकऱ्याने पुढे तिसऱ्यालाच लावून दिले म्हणजे काय गोंधळ होतो ते आपण पाहतो. ती वाट त्यांनी मुळात बंदच ठेवली आहे. चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त आवडली. प्रतिनिधीने कोणत्या ठरावावर काय मत दिले ते कायमचे नोंदले जाते आणि जगात कोणालाही ते बघता येते. नातवाने मोबाईलवर काढून दाखवले. प्रोसिडिंग बुकच म्हणायचे, फक्त ते सेक्रेटरीच्या कपाटात कुलपात नाही.

"मग तुझ्या माणसानं चार वर्षांत काय मतं दिली?" आम्ही विचारले.

नातवाने बोट फिरवले. बराच वेळ फिरवले. त्याच्या प्रतिनिधीने पहिल्या वर्षी चार-पाच ठरावांवर मत दिले होते. त्यानंतर काही नाही. मनुष्य नाणी सोडून दुसऱ्या उद्योगाला लागला असेल, आजारी असेल, कोणी सांगावे. नातवाने ते कधी पाहिलेच नव्हते. प्रतिनिधी बदलायचा तर थोडी फी पडते, ती कोण भरत बसणार, म्हणून त्याने हात लावला नव्हता.

"म्हंजे तुझं मत हाय पन आन् न्हाय पन," आबा म्हणाले.

असे पडून राहिलेले मत काय करते, हे पुढच्या गोष्टीवरून कळते. जुलै २०२४ मध्ये त्याच कंपाउंडमध्ये २८९ क्रमांकाचा ठराव आला. तिजोरीतली चार लाख नव्याण्णव हजार टोकने, त्या वेळच्या भावाने सुमारे दोन कोटी चाळीस लाख डॉलरची, एका गटाने चालवलेल्या योजनेत गुंतवायला द्यावीत, असा तो ठराव. हम्पी या टोपणनावाने वावरणारा एक बडा टोकनधारक त्या गटाचा म्होरक्या. याच धर्तीचे आधीचे प्रयत्न पार पडले नव्हते. या वेळी मतदान शनिवार-रविवारवर आले. ठरावाच्या बाजूने ६,८२,१९१, विरोधात ६,३३,६३६. ठराव पास. फरक अठ्ठेचाळीस हजारांचा. एक कोटी टोकनांपैकी मत पडले ते तेरा लाखांच्या थोडे वर. बाकीची टोकने झोपलेली, कुणाची कपाटात, कुणाची अशा प्रतिनिधीकडे की जो आलाच नाही. पुढे बोभाटा झाला, बोलणी झाली, आणि त्या गटाने तो ठराव मागे घेतला, म्हणून पैसे वाचले. पण नियमाने पाहिले तर ठराव रीतसर पास झालेला होता. सूचक होता, अनुमोदक होते, गणपूर्ती होती.

आम्ही अशा सभा पाहिल्या आहेत. आपल्या कारखान्याच्या म्हणत नाही. पण सभा अकराला, कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, आणि मग मंडपातल्या पहिल्या चार रांगांनी पंधरा विषय "मंजूर, मंजूर" करून जेवायला उठायचे, हे काही डॉलरवाल्यांनी शोधून काढलेले नाही.

यापेक्षाही भयंकर गोष्ट नातवाने सांगितली. बीनस्टॉक नावाची अशीच एक व्यवस्था. १७ एप्रिल २०२२ रोजी एका माणसाने सुमारे शंभर कोटी डॉलरचे कर्ज काढले. या नाण्यांच्या जगात एक विलक्षण कर्ज मिळते. तारण नाही, जामीन नाही, अट एकच, ज्या व्यवहारात घेतले त्याच व्यवहारात, म्हणजे डोळ्याचे पाते लवायच्या आत, परत करायचे. त्या पैशाने त्याने मताचा हक्क देणारी नाणी जमवली, दोन तृतीयांशांच्या वर मते हातात घेतली, आदल्या दिवशी मांडून ठेवलेला स्वतःचाच ठराव पास केला, तिजोरी स्वतःकडे वळवली आणि कर्ज फेडून टाकले. त्या ठरावांपैकी एक तर युक्रेनला देणगी द्यावी असा होता, म्हणजे वरून धर्मकार्य. व्यवस्थेचे नुकसान सुमारे १८ कोटी २० लाख डॉलर.

आपल्या भाषेत सांगायचे तर सकाळी सोसायटीतून कर्ज उचलले, त्यात निम्म्या कारखान्याचे शेअर घेतले, सभेत जाऊन "कारखाना माझ्या नावे करावा" असा ठराव मंजूर करून घेतला, शेअर विकले आणि दुपारच्या चहाच्या आत कर्ज फेडून बेबाकी दाखला घेतला.

आपल्याकडे हे का होत नाही? एक तर कितीही शेअर घ्या, मत एकच. आणि दुसरे, त्याच कलम २७ मध्ये आणखी एक पोटकलम आहे, ज्याच्या नावाने आपले नवे सभासद दर निवडणुकीला बोटे मोडतात. नव्याने सभासद झालेल्या व्यक्तीला पहिली दोन वर्षे मताचा हक्क नाही. आम्हालाही ते जाचक वाटायचे. पैसे भरले, शेअर घेतला, ऊस घातला, मग मत का नाही? हडपसरच्या त्या खुर्चीत बसून त्याचा अर्थ आम्हाला नीट कळला. ज्याला फक्त मतासाठी सभासद व्हायचे आहे, तो दोन वर्षे थांबत नाही. कंपाउंड आणि युनिस्वॉपवाल्यांनीही थोडी काळजी घेतली आहे. मतदान ज्या क्षणी सुरू होते त्या क्षणी कोणाकडे किती मते होती तेवढीच मोजायची, नंतर जमवलेली नाहीत. आपल्या मतदार यादीला अर्हता दिनांक असतो तसेच. बीनस्टॉकमध्ये ती खबरदारी नव्हती. आपल्याकडे दोन वर्षे, त्यांच्याकडे एक क्षण, पण कल्पना एकच.

मग आम्ही विषय मगरपट्ट्यावर नेला, कारण नातू रोज तिथेच जातो आणि आबांनी ती जमीन बागायती असताना पाहिलेली आहे. मुठेच्या कालव्याखालचे रान. १९९० नंतरच्या दशकात तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने आपली चारशेवर एकर जमीन एकत्र केली आणि कंपनी काढून स्वतःच नगर वसवले. २००० साली बांधकामाला लागले. ज्याची जेवढी जमीन त्या प्रमाणात त्याला शेअर. ती सहकारी संस्था नव्हे, कंपनी. आणि कंपनीत मत शेअरच्या प्रमाणात मोजता येते, शिवाय मुखत्यारही पाठवता येतो.

म्हणजे मताचा मुखत्यार ही काही नाणेवाल्यांची नवी कल्पना नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १०५ मध्ये ती आहे. तिला तिथे प्रॉक्सी म्हणतात. पण कुंपण बघा कसे घातले आहे. प्रॉक्सीचा फॉर्म सभेच्या ४८ तास आधी पोचायला हवा. प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही. हात वर करून मतदान असेल तर मत देता येत नाही, मोजणीचे मतदान मागितले तरच देता येते. आणि एका माणसाला पन्नासपेक्षा जास्त सभासदांची प्रॉक्सी घेता येत नाही, तीही मताधिकार असलेल्या एकूण भांडवलाच्या दहा टक्क्यांच्या आत. नाण्यांच्या जगात ही वरची मर्यादा नाही. एकाच प्रतिनिधीकडे हजारो लोकांची मते साचू शकतात, आणि साचतातही. पुढे त्या प्रतिनिधीला भत्ता देण्याची पद्धत काही ठिकाणी निघाली, कारण फुकट काम कोण करणार. आर्बिट्रम नावाच्या व्यवस्थेत तशी योजना आहे. एका बड्या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने, अँड्रीसन हॉरोविट्झने, आपल्याकडची बरीच मते विद्यापीठांतल्या विद्यार्थी मंडळांना देऊन टाकली, तुम्हाला पटेल तसे द्या म्हणून. ही चांगली गोष्ट की आपल्या वजनाची लाज झाकायची युक्ती, यावर नातवाचे आणि आमचे एकमत झाले नाही.

"मग काका, तुमच्याकडे कुणालाच दुसऱ्याचं मत देता येत नाही?" नातवाने विचारले.

येते. आणि इथेच आमची पंचाईत झाली.

व्यक्तीला प्रतिनिधी पाठवता येत नाही, पण संस्थेला येतो. संस्था काही चालत येऊन मत देऊ शकत नाही. ज्या सोसायटीने कारखान्याचे भाग घेतले आहेत ती आपल्या एका सभासदाला मत देण्यासाठी नेमते. त्यालाच आपण "ठराव" म्हणतो. "ठराव कुणाचा झाला?" एवढे विचारले की सगळ्या गावाला अर्थ कळतो. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत तर या ठरावांवरच सगळे चालते. चारशे-पाचशे सभासदांच्या विकास सोसायटीचे मत एका माणसाच्या खिशात, आणि निवडणूक जवळ आली की ते खिसे सहलीला निघतात. कोकण म्हणा, गोवा म्हणा. वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला हे नवीन नाही.

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. गाव सांगत नाही, संस्था सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीने एका सज्जन माणसाच्या नावाने ठराव केला. ठरावात फक्त नाव. कोणत्या गोष्टीसाठी उभे राहायचे, काय मागायचे, एक अक्षर नाही. गावाचा प्रश्न साधा होता. ओढ्यापलीकडच्या शिवाराला तोडणी टोळी दरवर्षी शेवटी मिळायची, ऊस वाळायचा, वजन घटायचे. त्या शिवाराचे गाऱ्हाणे आम्हीच तीन वर्षे कागदावर घेत होतो. प्रतिनिधी गेला, मत दिले, परत आला. कोणाला दिले? मतदान गुप्त. त्याने सांगितले ते खरे मानायचे. पुढच्या हंगामातही टोळी शेवटीच आली. लोकांनी त्या माणसावर संशय घेतला, दोन घरांचे बोलणे बंद झाले, ते आजतागायत बंद आहे. तो माणूस दोषी होता की नव्हता, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही. सांगता येणार नाही, हेच तर दुखणे आहे.

हे ऐकून नातू म्हणाला, "आमच्याकडे हे दहा सेकंदांत कळलं असतं."

कळले असते, खरे आहे. पण आम्ही त्याला उलटा प्रश्न केला. मत जगाला दिसते, तर मत विकत घेणाऱ्यालाही माल मिळाला की नाही ते दिसतेच ना? गुप्त मतदान का आणले? पाटलाने, सावकाराने, मुकादमाने मागे उभे राहून बघू नये म्हणून. दीड एकरवाल्याचे मत गुप्त आहे म्हणून तर ते त्याचे आहे. नातू थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, त्यांच्याकडेही यावर वाद चालू आहेत. मत विकत घेण्याचे उघड बाजारसुद्धा तिथे निघालेले आहेत.

आम्ही नोकर माणसे. निवडणुकीवर बोलू नये हे आम्हाला कळते, आणि पुढचे जे लिहितो ते आमचे मत आहे, कारखान्याचे नव्हे. सभासदाने स्वतः येऊनच मत द्यावे हा नियम आम्हाला बरोबर वाटतो. तो ढिला केला तर मते माणसांकडून पुतण्याकडे, पुतण्याकडून गटाच्या पुढाऱ्याकडे जातील, आणि एका टेबलावर पाच हजार सह्यांचा गठ्ठा येऊन पडेल. मग सभा कशाला घ्यायची? पण संस्थेच्या ठरावाचे तसे नाही. तिथे मुखत्यारी आहेच, फक्त कुंपण नाही. सोसायटीने नाव ठरवताना त्याच सभेत चार ओळी लिहून घ्याव्यात, आमच्या गावाचे म्हणणे हे हे आहे, आणि कारखान्याच्या सभेत प्रतिनिधीने ते मांडावे. परत आल्यावर पुढच्या मासिक सभेत काय बोललो, काय उत्तर मिळाले, ते सांगावे व प्रोसिडिंगला लिहावे. पेटीतले मत गुप्त राहू द्या. पण सभेतले बोलणे गुप्त नसते, त्याचा हिशेब मागता येतो. हे करायला कायद्याची वेगळी परवानगी लागत नाही. आणि यादी पक्की होण्याच्या आधी माणूस बदलावासा वाटला तर बदलायची हिंमत सोसायटीने ठेवावी. नाणेवाल्यांना ती सोय कधीही आहे आणि ते वापरत नाहीत. आपल्याला थोडेच दिवस असते, ते तरी वापरावे.

राहता राहिला आबांचा गुडघा.

आम्ही उठायला लागलो तेव्हा नातू म्हणाला, "आबा, शेअर पप्पांच्या नावावर करून टाका. तुमची कटकट मिटेल."

आबा एकदम ताठ बसले. "कटकट? त्या शेअरसाठी तुझ्या आज्जीची पाटली मोडलीया. वर्षातनं एकदा मंडपात जातो, नाव वाचत्यात, मी हाय म्हणतो. ते पन देऊन टाकू व्हय?"

यावर कोणी काही बोलले नाही. नातवाने मोबाईल खिशात ठेवला. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, सभा कधी असते? आम्ही सांगितले, वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरच्या आत होते, तारीख नोटिशीत येईल, पण नोटीस गावच्या पत्त्यावर जाते. तो म्हणाला, पत्ता बदलून द्या. शनिवार-रविवार असेल तर मी गाडी काढतो, नसेल तर रजा टाकतो. आबांनी एवढेच विचारले की त्या गाडीची पुढची सीट मागे सरकते का, गुडघा दुमडत नाही म्हणून.

जाताना नातवाने आम्हाला जिन्यात सांगितले की त्या चारशेंपैकी जी टोकने उरली आहेत त्यांचा प्रतिनिधी तो आज रात्री बदलणार आहे. कोणाच्या नावाने, असे आम्ही विचारले. म्हणाला, "आधी माझ्याच. बघतो वाचून किती कळतं ते."

पुणे शहरात राहणाऱ्या सभासदांनी आपला सध्याचा पत्ता गट ऑफिसात लेखी कळवावा. अर्ज साध्या कागदावर चालेल, सभासद क्रमांक घालण्यास विसरू नये. ज्या सभासदांचे निधन झाले आहे त्यांच्या वारसांनी मृत्यूचा दाखला जोडून वारस नोंदीचा अर्ज यादीचे काम सुरू होण्यापूर्वी द्यावा. यादी लागल्यावर गट ऑफिसच्या दारात येऊन शेतकी मदतनीसांशी भांडू नये, त्यांच्या हातात त्या वेळी काही नसते. नामनिर्देशनाचे कोरे फॉर्म सर्व गट ऑफिसांत ठेवले आहेत. हडपसर, मांजरी भागातील सभासदांनी निरोप दिल्यास पुढच्या बेण्याच्या फेरीला आम्ही ते घरपोच आणून देऊ.